चौऱ्याहत्तर अवशेष आणि एक घराणे

१९६४ सालच्या झावळ्यांच्या रविवारी पालेर्मोचे महागुरू कार्डिनल एर्नेस्तो रुफ्फिनी यांनी आपल्या धर्मप्रांतातील भाविकांस एक पत्र लिहिले. सिसिलीचा खरा चेहरा कोणता, हा त्या पत्राचा विषय. आपल्या बेटाची जगभर बदनामी होत आहे आणि तिला तीन गोष्टी कारणीभूत आहेत, असे कार्डिनल महाशयांचे म्हणणे होते. पहिली, माफियाविषयी चाललेला गाजावाजा. दुसरी, एक कादंबरी. आणि तिसरी, दानिलो दोल्ची नावाचे समाजसेवक, ज्यांनी गरिबांसाठी उपोषणे करून तेथील दैन्य जगाच्या वेशीवर टांगले होते. माफिया आणि 'सिसिलीचे गांधी' म्हणून ओळखला जाणारा सेवक यांच्या मधोमध एखाद्या कादंबरीला जागा मिळावी, हा एका परीने त्या कादंबरीचा मानच म्हटला पाहिजे.

ती कादंबरी म्हणजे जुझेप्पे तोमासी दि लाम्पेदुसा यांची 'इल गात्तोपार्दो', इंग्रजी वाचकांना 'द लेपर्ड' या नावाने परिचित असलेली. १९५८ साली ती प्रसिद्ध झाली, १९५९ साली तिला इटलीतील प्रतिष्ठेचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला आणि लुकीनो व्हिस्कोंती यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला १९६३ साली कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक लाभले. २०२५ साली नेटफ्लिक्सने तिच्यावर मालिका काढली, त्यामुळे पुस्तकाचे नावही न ऐकलेल्या आपल्यांतील तरुण मंडळींना तिची गोष्ट ठाऊक झाली असेल. परंतु गोष्ट ठाऊक होणे आणि पुस्तक वाचणे यांत अंतर आहे. व्हिस्कोंतींचा चित्रपट १८६२ सालच्या नृत्यसमारंभापाशी थांबतो. पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणे त्यात नाहीतच, आणि आम्हांला बोलावयाचे आहे ते मुख्यत्वे अगदी शेवटच्या प्रकरणाविषयी.

कार्डिनल महाशयांचा रोष आम्ही समजू शकतो. कादंबरीचा नायक दोन फाब्रिझिओ, सालिनाचा प्रिन्स, संध्याकाळी सर्व कुटुंबासह गुडघे टेकून जपमाळ म्हणतो आणि त्याच रात्री शहरात जाऊन पाप करतो, तेही जाताना घरच्या येशूसंघीय धर्मगुरूला गाडीत शेजारी बसवून. शेवटच्या प्रकरणात तर घरच्या चॅपेलमधील अवशेष टोपलीत भरून टाकून दिले जातात. धर्माची टिंगल करण्यासाठीच हे लिहिले आहे असे एखाद्या श्रद्धावंत वाचकाला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. आमचे मत मात्र निराळे आहे. ज्या प्रकरणाने असे वाचक दुखावतात तेच या पुस्तकातील सर्वांत श्रद्धापूर्ण प्रकरण आहे. ते तसे का, हे कळण्यासाठी कादंबरीतील कल्पित सालिना घराण्यामागे उभे असलेले खरे तोमासी घराणे पाहावे लागते.

जुन्या घराण्यांना बहुधा दोन इतिहास असतात, एक कागदोपत्री सापडणारा आणि दुसरा जेवणाच्या मेजावर सांगितला जाणारा. तोमासींचा दुसरा इतिहास थेट बिझंटाईन सम्राटांपर्यंत जाऊन भिडत असे. सम्राट तिबेरियसचे रक्त आपल्या अंगात आहे, 'बिबळ्या' ही उपाधी धारण करणारा एक शूर पुरुष आपला मूळ पुरुष, म्हणूनच आपल्या कुलचिन्हावर तो प्राणी, अशी ही हकीकत. पुरावा मात्र शून्य. सिसिलीतला कागदोपत्री इतिहास सुरू होतो तो बऱ्याच साध्या रीतीने. मारिओ तोमासी नावाचा एक लष्करी अधिकारी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिकाता येथे आला आणि १५८३ साली त्याने मोंतेकियारो जहागिरीची वारस फ्रांचेस्का कारो हिच्याशी विवाह केला. जहागीर तिची, आणि लाम्पेदुसा या दूरच्या बेटावरचा हक्कही तिच्याच माहेरचा. सम्राटांच्या वंशजाला अखेर आसरा मिळाला तो सासुरवाडीत!

मारिओची नातवंडे कार्लो आणि जुलिओ हे जुळे भाऊ, जन्म १६१४ चा. या दोघांनी ३ मे १६३७ रोजी पाल्मा या नव्या नगराची पायाभरणी केली. तेच आजचे पाल्मा दि मोंतेकियारो. त्यांच्याबरोबर तेथे जोव्हान्नी बात्तिस्ता होदियेर्ना नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण हे धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञही होते. गॅलिलिओचा आदर करणाऱ्या या माणसाने तोमासींच्या आश्रयाखाली, युरोपातील विद्यापीठांपासून कोसो दूर, साध्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळले आणि १६५४ साली तेजोमेघांची एक यादी प्रसिद्ध केली. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी फ्रान्समध्ये मेसिए यांनी जी प्रसिद्ध यादी केली तिच्यातील काही तेजोमेघ या खेडेगावच्या धर्मगुरूने अगोदरच टिपून ठेवले होते. कादंबरीतला प्रिन्स खगोलशास्त्रज्ञ का आहे, असा प्रश्न पुष्कळ वाचकांना पडतो. त्याचे जवळचे उत्तर लेखकाच्या पणजोबांत आहे, कारण त्यांनाही दुर्बिणींचा नाद होता. लांबचे उत्तर पाल्माच्या या धर्मगुरूपाशी जाते.

नगर वसवून झाल्यावर कार्लोने सरदारकी भावाच्या स्वाधीन केली आणि तो थिएटाईन संघात व्रतस्थ झाला. (जुन्या गोव्यातील संत कॅजिटनचे भव्य चर्च आपल्यांतील पुष्कळांनी पाहिले असेल. ते याच थिएटाईन संघाने सतराव्या शतकात बांधले.) मागे राहिलेल्या जुलिओला लोक 'संत ड्यूक' म्हणत. १६५९ साली त्याने आपला राजवाडा बेनेडिक्टाईन भगिनींच्या मठासाठी दिला. त्या मठात प्रथम प्रवेश करणाऱ्यांत त्याच्या स्वतःच्या मुली होत्या, आणि पुढे एकंदर चारही मुली तेथेच व्रतस्थ झाल्या. काही काळाने त्याची पत्नी रोझालिया हीदेखील पतीच्या संमतीने त्याच मठात गेली. ड्यूक स्वतः घरात राहून उपवास, प्रार्थना आणि देहदंड यांत दिवस कंठू लागला. आजच्या वाचकाला हे सारे भयंकर वाटेल. आम्हांलाही ते पचविणे सोपे जात नाही. एक अख्खे कुटुंब जणू स्वतःचा वंश देवापुढे ठेवून मोकळे होऊ पाहत होते.

मुलींपैकी इझाबेला ही सिस्टर मारिया क्रोचिफिस्सा या नावाने प्रसिद्धीस आली. सैतानाशी तिच्या झालेल्या झुंजींच्या आख्यायिका आजही त्या भागात सांगितल्या जातात आणि सैतानाने लिहविलेले म्हणून एक न वाचता येणारे पत्रही दाखविले जाते. परंतु या पिढीतील खरा मोठा माणूस तिचा धाकटा भाऊ होता. जुझेप्पे मारिया तोमासी, जन्म १६४९. तो थोरला मुलगा, म्हणजे सारी सरदारकी त्याचीच. तरुणपणीच त्याने तिचा त्याग केला आणि काकाच्या पावलावर पाऊल टाकून तो थिएटाईन झाला. रोममध्ये त्याने ग्रीक आणि हिब्रू यांचे अध्ययन केले आणि उरलेले आयुष्य जुन्या हस्तलिखितांत घालविले. प्रारंभीच्या शतकांत ख्रिस्तसभा मिस्सा कशी अर्पण करीत असे, कोणत्या प्रार्थना म्हणत असे, हे मूळ पोथ्यांवरून ठरविणे हे त्याचे काम. स्वीडनची राणी ख्रिस्तीना हिच्या संग्रहातील एका प्राचीन पोथीवरून त्याने १६८० साली जुना मिस्साग्रंथ प्रसिद्ध केला. उपासनेच्या इतिहासाचे शास्त्रशुद्ध अध्ययन ज्या थोड्या माणसांनी उभे केले त्यांत त्याची गणना होते. कोणता मजकूर मूळचा, कोणता मागाहून घुसडलेला. कोणता खरा, कोणता बनावट. हे पारखणारी नजर त्याच्यापाशी होती.

या विद्वानाने आपले काही ग्रंथ तोमासी या नावाने प्रसिद्ध केलेच नाहीत. त्यांवर त्याने 'कारो' हे आडनाव घातले, म्हणजे पणजीचे! बिझंटाईन सम्राटांची कुळकथा सांगणाऱ्या घरातील थोरल्या मुलाने ज्या स्त्रीच्या हुंड्यावर घराणे उभे राहिले तिचे नाव उचलावे, यात विनय आहेच, पण थोडी मिस्कील सत्यनिष्ठाही आहे असे आम्हांला वाटते. १७०० साली कार्डिनल अल्बानी यांची परमगुरुपदी निवड झाली तेव्हा ते ती स्वीकारावयास कचरत होते. तोमासींनी त्यांना सांगितले की, नकार देणे पाप ठरेल. बारा वर्षांनी त्याच परमगुरूंनी, म्हणजे अकराव्या क्लेमेंट यांनी, तोमासींना कार्डिनल नेमले. तोमासी नको नको म्हणू लागले तेव्हा परमगुरूंनी तोच युक्तिवाद त्यांच्यावर उलटविला. कार्डिनलपद त्यांना उणेपुरे आठ महिनेच लाभले. त्या अल्पावधीतही ते आपल्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत बसत. १ जानेवारी १७१३ रोजी ते निवर्तले. १८०३ साली त्यांना धन्य म्हणून आणि १२ ऑक्टोबर १९८६ रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांच्या हस्ते संत म्हणून घोषित करण्यात आले.

पुढील दोन शतकांचा इतिहास थोडक्यात उरकण्याजोगा आहे. १६६७ साली स्पेनच्या राजाने घराण्याला 'लाम्पेदुसाचे प्रिन्स' ही पदवी दिली. किताब वाढले, कर्जेही वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाम्पेदुसा बेट नेपल्सच्या राजाला विकावे लागले. ज्या बेटाचे नाव घराण्याने मिरविले तेथे ते कधी नांदले नाही. आज ते नाव उच्चारले की जगाला आठवतात ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मोडक्या होड्यांतून येणारे निराधार स्थलांतरित. परमगुरू फ्रान्सिस यांनी ८ जुलै २०१३ रोजी रोमबाहेरील आपला पहिला प्रवास केला तो त्यांच्यासाठीच, त्याच बेटावर. कादंबरीच्या नायकाचे मूळ असलेले पणजोबा जुलिओ फाब्रिझिओ १८८५ साली फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते, आणि मग वारसांचे जे व्हावयाचे तेच झाले. वाटणीचे तंटे दशकानुदशके चालले आणि मालमत्ता त्यांत झिजून गेली.

या अवशेषांचा धनी म्हणून १८९६ साली जुझेप्पे तोमासी जन्मला. एक बहीण होती, ती बालपणीच वारली. आयुष्यभर त्याने वाचन केले आणि साठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत सांगण्यासारखे काही लिहिले नाही. ५ एप्रिल १९४३ रोजी दोस्तांच्या विमानांनी पालेर्मोतील त्याचा वाडा जमीनदोस्त केला. १९५४ साली कविता लिहिणारा त्याचा मावसभाऊ लुचिओ पिक्कोलो याचा एका साहित्यमेळाव्यात गौरव झाला, तेव्हा हा सोबतीला गेला होता. तेथून परतल्यावर त्याने लेखणी उचलली. १९५५ साली तो प्रथमच पाल्माला गेला आणि पूर्वजांनी बांधलेला मठ त्याने पाहिला. हस्तलिखित दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांकडून परत आले. दुसरा नकार, एलिओ व्हित्तोरिनी या नामवंत लेखकाच्या सहीचा, हाती पडला तेव्हा तो कर्करोगाने आजारी होता. २३ जुलै १९५७ रोजी रोममध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढल्या वर्षी जोर्जो बास्सानी यांनी हस्तलिखित पारखले आणि फेल्त्रिनेल्ली प्रकाशनाने ते छापले. पोटी मूल नव्हते; १९५६ साली दत्तक घेतलेले नात्यातले जोआक्किनो लान्झा यांनी त्याचे कागदपत्र निष्ठेने सांभाळले. प्रजासत्ताक इटलीच्या १९४८ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने सरदारी किताबांची मान्यता तोवर काढूनच घेतली होती.

आता कादंबरीकडे वळू. १८६० साली गारिबाल्दीचे स्वयंसेवक सिसिलीत उतरले, बूर्बोन राजवट कोसळली आणि बेट इटलीत विलीन झाले. या उलथापालथीतून सालिना घराणे कसे तगते आणि कसे विझते ही कथा. प्रिन्सचा भाचा तान्क्रेदी काळाची पावले ओळखून क्रांतिकारकांना मिळतो आणि पुढे नवश्रीमंत दोन कालोजेरो सेदारा याच्या आंजेलिका या देखण्या मुलीशी लग्न करतो. समीक्षकांनी या पुस्तकाचे सार म्हणून तान्क्रेदीच्या तोंडचे एकच चतुर वाक्य इतक्या वेळा उद्धृत केले आहे की, ते आता राजकारणी लोकांच्या भाषणांतही आढळते. आम्ही ते येथे देत नाही. ते एका महत्त्वाकांक्षी तरुणाचे वाक्य आहे, लेखकाचे नव्हे.

लेखकाला सतावणारा प्रश्न आमच्या समजुतीप्रमाणे वेगळा आहे. खरे काय आणि बनावट काय, आणि ते ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाच्या खुणा पुस्तकभर पसरल्या आहेत. विलीनीकरणावर मतदान होते, दोन्नाफुगाता गावात ५१५ मतदारांपैकी ५१२ जण मत देतात आणि निकाल जाहीर होतो की, ५१२ ही मते होकारार्थी! प्रिन्सचा शिकारीतला जोडीदार दोन चिच्चो तुमेओ याने नकाराचे मत दिले होते. त्याचे मत कोणी तरी गिळून टाकले. नव्या राज्याचा जन्मच खोट्या कागदावर झाला, ही टोचणी प्रिन्सला लागून राहते. लगेच पुढे, सोयरीक ठरत असता, दोन कालोजेरो हळूच सांगतो की, आमचे घराणेही मूळचे सरदारच आहे, कागद जवळजवळ जुळले आहेत, वंशावळीतील एकच दुवा सापडावयाचा राहिला आहे. वाचक हसतो. पण लेखक एका डोळ्याने आपल्याच घराकडे पाहून हसत आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. सेदाराला एक दुवा सापडत नव्हता. तोमासींना तिबेरियस सम्राटापासून मारिओपर्यंत किती दुवे सापडत नव्हते, हे या लेखकाला पुरते ठाऊक होते.

आपले संतवंशीय पूर्वज लेखकाने कादंबरीत कसे आणले आहेत पाहा. मठ आहे. त्याच्या स्थापनकर्तीला येथे धन्य कोर्बेरा असे नाव दिले आहे. सैतानाने सन्मार्गाला लागावे म्हणून तिने त्याला लिहिलेले पत्र आणि त्याने पाठविलेले दिलगिरीचे उत्तर भिंतीवर लावले आहे. भगिनींनी बनविलेल्या बदामाच्या मिठाईचीही आठवण लेखक ठेवतो. देहदंड घेणारा ड्यूकही आहे. तान्क्रेदी आणि आंजेलिका रिकाम्या वाड्यात लपंडाव खेळत हिंडतात तेव्हा त्यांना त्याची पांढरी, उघडीबोडकी खोली आणि खुंटीवरचा आसूड सापडतो, आणि क्षणभर त्यांचा खेळ थंडावतो. एवढे सगळे आहे. नाहीत ते एकटे विद्वान कार्डिनल. घराण्यातील ज्या एका पुरुषाचे नाव ख्रिस्तसभेच्या पंचांगात जाणार होते, त्याला या घराण्याच्या कादंबरीत जागा नाही. लेखकाने आपल्या पूर्वजांच्या पवित्रतेतील भीतिदायक आणि चमत्कारिक तेवढे घेतले, त्यातला शहाणपणा सोडून दिला, असा आक्षेप त्यामुळे घेता येईल. प्रथम वाचनात आमचाही ग्रह तसाच होण्याजोगा होता. शेवटचे प्रकरण वाचल्यावर मात्र आम्हांला वाटते की, ते येतात. वेष पालटून येतात.

ते प्रकरण १९१० सालच्या मे महिन्यात घडते. प्रिन्सला मरून सत्तावीस वर्षे झाली आहेत. कारोलिना, कोंचेत्ता आणि कातेरिना या त्याच्या तीन अविवाहित मुली म्हाताऱ्या झाल्या आहेत. घरचे चॅपेल हेच त्यांचे विश्व. वेदीवर 'पत्राची माता' म्हणून एका तरुणीचे चित्र, आणि भिंतीवर चौकटींतून, डब्यांतून मांडलेले चौऱ्याहत्तर पवित्र अवशेष. हे अवशेष दोन्ना रोझा नावाच्या, अर्धी व्रतस्थ वाटावी अशा एका लठ्ठ म्हातारीने वेळोवेळी आणून दिले होते, अर्थात मोल घेऊन. महागुरूंच्या कचेरीतून पाहणीसाठी आलेल्या मॉन्सिनियोरांच्या ध्यानात येते की, वेदीवरचे चित्र पवित्र मारियेचे नाही. प्रियकराचे पत्र हाती घेऊन त्याची वाट पाहणाऱ्या मुलीचे आहे. मग तरुण धर्मगुरू दोन पाक्कियोत्ती येतात. व्हॅटिकनच्या प्राचीन लिपिविद्येच्या विद्यालयाचे हे पदवीधर. हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि भिंग घेऊन ते चॅपेलमध्ये शिरतात आणि तीन तासांनी, अंगावर धूळ पण मुद्रा प्रसन्न, असे बाहेर पडतात. हातात टोपली असते. पाच अवशेष अस्सल आहेत, भक्तीस पात्र आहेत. बाकीचे टोपलीत आहेत, त्यांचे काय करावयाचे ते करा.

कोणी म्हणेल, ही आधुनिकांची निर्दय थट्टा. परंतु ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ सालीच ठरवून दिले होते की, बिशपांच्या परीक्षेवाचून आणि संमतीवाचून कोणताही नवा अवशेष भक्तीसाठी ठेवू नये. पाक्कियोत्ती तोच जुना नियम पाळीत आहेत. या पुस्तकात मतपत्रिका खोट्या निघतात, वंशावळ जुळवून घेतली जाते, प्रेमाची वचने हिशेबी ठरतात, आणि एकही माणूस हे सारे तपासून पाहण्यास पुढे होत नाही. ज्या एका संस्थेने आपल्याच घरातील खोटे स्वतः होऊन, अधिकृतपणे, टोपलीत टाकले ती ख्रिस्तसभा. लेखक श्रद्धाळू होता की नव्हता या वादात आम्ही पडत नाही. पण खरेखोटे पारखण्याचे काम सोपवावयाची वेळ आली तेव्हा त्याने ते सैनिकावर, वकिलावर किंवा प्राध्यापकावर सोपविले नाही. जुन्या पोथ्या वाचता येणाऱ्या एका धर्मगुरूवर सोपविले. रोममध्ये बसून प्राचीन पोथ्यांतील अस्सल आणि बनावट निवडणारे संत जुझेप्पे मारिया तोमासी येथे पाक्कियोत्तींच्या झग्यात उभे आहेत असे आम्ही म्हणतो ते यामुळे. लेखकाने हे जाणूनबुजून केले असे सिद्ध करता येणार नाही. वाचणाऱ्याने ते पाहावे एवढेच.

पाक्कियोत्तींनी सगळेच फेकले नाही, हेही पुष्कळ वाचकांच्या नजरेतून सुटते. थट्टाच करावयाची असती तर चौऱ्याहत्तरचे चौऱ्याहत्तर खोटे दाखविणे लेखकाच्या हातात होते. पाच ठेवल्यामुळे सारा प्रसंग बदलतो. पाच खरे होते आणि एकोणसत्तर खोट्यांच्या गर्दीत ते ओळखू येत नव्हते.

तरीही कार्डिनल रुफ्फिनी यांच्या तक्रारीत काहीच तथ्य नव्हते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चौथ्या प्रकरणात पिएदमोंतचा अधिकारी शेवाल्ये प्रिन्सला सिनेटमध्ये येण्याचे आमंत्रण देतो, तेव्हा प्रिन्स त्याला एक दीर्घ व्याख्यान ऐकवितो. सिसिलीच्या लोकांना झोप हवी आहे, त्यांना जागविणारा त्यांना आवडत नाही, ते स्वतःला परिपूर्ण समजतात, असा त्याचा आशय. भाषण सुंदर आहे आणि अन्यायकारक आहे. ते प्रिन्सचे आहे, लेखकाचे नाही, असा बचाव करता येतो. पण मग लेखकाने त्याला उत्तर देऊ शकेल असे एक तरी पात्र समोर बसवावयास हवे होते. बिचारा शेवाल्ये सज्जन आहे आणि निरुत्तर आहे. घराण्याची जमीन कसणारे शेतकरी तर या पुस्तकात खंडाच्या कोंबड्या आणि चीज घेऊन येतात, टोप्या काढतात आणि निघून जातात. फादर पिर्रोने आपल्या गावी जातात त्या पाचव्या प्रकरणात जरा वेळ खालच्या थरातील माणसे बोलू लागतात, पण तेथेही त्यांची भांडणे आहेत ती बदामाच्या बागेसाठी आणि हुंड्यासाठी.

योगायोग असा की, लाम्पेदुसा हे पुस्तक लिहीत होते त्याच सुमारास, १९५६ च्या फेब्रुवारीत, पालेर्मोपासून फार दूर नसलेल्या पार्तिनिको येथे दानिलो दोल्ची आणि त्यांच्याबरोबरच्या बेकारांनी एक 'उलटा संप' केला. कोणी न सांगता, मजुरी न घेता, ते सारे जण एक मोडकळीस आलेला सार्वजनिक रस्ता दुरुस्त करू लागले. दोल्चींना अटक झाली. प्रिन्सच्या व्याख्यानाला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण. ज्यांना झोप हवी होती असे प्रिन्स म्हणतो तीच माणसे भर थंडीत कुदळी घेऊन रस्त्यावर उभी होती. कार्डिनल महाशयांनी कादंबरी आणि दोल्ची यांना एकाच टोपलीत टाकले. वास्तविक दोल्चींचे काम हीच त्या कादंबरीवरची सर्वांत चोख टीका होती.

शेवटच्या प्रकरणात आणखी एक तपासणी होते. तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष कमी जाते. कोंचेत्ता ही मधली मुलगी. तरुणपणी तिचे तान्क्रेदीवर प्रेम होते. एका रात्रीच्या जेवणाला त्याने मठात घुसल्याची एक उद्दाम गोष्ट सांगितली, ती दुखावली, आणि तेथून सारे बिनसले. पन्नास वर्षे तिने ते दुःख पूजेच्या वस्तूसारखे जपले. तान्क्रेदीने आपल्याला फसविले, वडिलांनी त्याला साथ दिली, या दोन समजुतींवर तिचे आयुष्य उभे होते. अवशेषांची तपासणी व्हावयाच्या आदल्या दिवशी तान्क्रेदीचा एक जुना मित्र तिला भेटावयास येतो आणि गप्पांच्या ओघात सहज सांगून जातो की, ती मठाची गोष्ट बनावट होती, तान्क्रेदीला नंतर तिची खंत वाटत असे. त्याला कल्पनाही नसते आपण कोणता डबा फोडला याची. त्याने भिंग लावले नाही, हातोडी मारली नाही. पण वडिलांवरचा आणि तान्क्रेदीवरचा तिचा राग खोट्या चिठ्ठीनिशी इतकी वर्षे भिंतीवर टांगलेला होता, हे तिला कळून चुकते. दोषी कोणी असेल तर तो आपलाच अभिमान.

म्हणून दुसऱ्या दिवशी चॅपेल रिकामे होत असता कारोलिना संतापाने फणफणते आणि कोंचेत्ता शांत राहते. तिच्या खोलीत न वापरलेल्या लग्नाच्या कपड्यांच्या पेट्या आहेत आणि वडिलांच्या लाडक्या बेंदिको कुत्र्याचे, पेंढा भरून ठेवलेले, कसर लागलेले कातडे आहे. पाक्कियोत्तींची टोपली या खोलीपर्यंत आलेली नसते. कोंचेत्ता स्वतःच मोलकरणीला बोलाविते आणि बेंदिकोला बाहेर टाकावयास सांगते. खिडकीतून खाली जाताना त्या जीर्ण कातड्याला निमिषभर जुन्या कुलचिन्हावरच्या प्राण्याचा आकार येतो, आणि मग ते अंगणाच्या कोपऱ्यातील केराच्या ढिगात जाऊन पडते. चॅपेलमधल्या पाच अस्सल अवशेषांचे पुढे काय झाले, ते कोणत्या संतांचे होते, हे लाम्पेदुसा सांगत नाहीत.